शेवटचा फर्मा

१

मरणारा माणूस खोटं बोलत नाही, असं म्हणतात. म्हणणारे सगळे जिवंत असतात, म्हणून मी त्यांच्या बोलण्यावर फारशी विसंबत नाही.

माझा भाचा मात्र विसंबतो. तो फौजदार आहे, त्याला विसंबावंच लागतं. मंगळवारी सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला तेव्हा तोंड उतरलेलं होतं आणि हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद होता.

“मावशी, जरा बघतेस का? दोन मिनिटांचं काम आहे.”

तीस वर्षं मी सरकारी खात्यात कागद तपासले. खोट्या सह्या, खाडाखोड केलेली मृत्युपत्रं, मागची तारीख घातलेले करार. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गुडघे गेले, पण डोळे शाबूत आहेत, आणि भाच्याची दोन मिनिटं म्हणजे दोन दिवस, हे मला पुरतं ठाऊक आहे.

“आधी बस. कोण गेलं?”

“बाइंडर. तो दाभण.”

दाभण म्हणजे पुस्तकं शिवायची जाड सुई. त्या माणसाची जीभ तशीच होती, म्हणून सगळं गाव त्याला त्याच नावाने ओळखायचं. कचेरीतली रजिस्टरं, वाचनालयातली फाटकी पुस्तकं, सगळं त्याच्याकडे जायचं. काम चोख, माणूस कडू. आमच्या खात्याच्या फायली द्यायला मी कितीदा तरी गेले असेन, पण त्याने मला कधी बस म्हटलं नव्हतं.

काल दुपारी तीनच्या सुमाराला तो कारखान्यात पोट धरून लोळताना सापडला. लेकीने आरडाओरडा केला, लोकांनी दवाखान्यात नेलं. पोटात मोरचूद गेलं होतं. आज पहाटे तो गेला, पण जाण्याआधी त्याने माझ्या भाच्याला स्वतःच्या तोंडाने जबानी दिली.

भाच्याने वही काढून वाचून दाखवली. “धाकट्यानं माझा घात केला. काल त्यानं मधल्या ड्रॉवरमधून ही चिठ्ठी टाकली. आज त्याच ड्रॉवरमधून खोकल्याच्या औषधाचा ग्लास सरकवला. एकोणीस वर्षांनी भाऊ वळला असं वाटलं, म्हणून प्यालो. त्याला सोडू नका.”

“मग धर की त्या धाकट्याला. माझ्याकडे कशाला आलास?”

“तिथंच तर घोडं अडलंय. धाकटा अकरा दिवस दवाखान्यात पडून आहे. मांडीचं हाड मोडलंय, पाय वजन लावून टांगलाय. दाभण ज्या खाटेवर गेला ना, तिच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर.”

दोघा भावांच्या कारखान्याच्या मधोमध भिंत आहे, हे मला ठाऊक होतं. “मग काल भिंतीपलीकडे कोण होतं?”

भाचा खाली बघत म्हणाला, “एकच माणूस होतं मावशी. त्याची लेक. मी तासाभरापूर्वी तिला अटक केली.”

२

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. बापाच्या मागे भावांनी ती मधोमध प्लायवूडची भिंत घालून वाटून घेतलेली. पुढची अर्धी दाभणची, मागची अर्धी धाकट्याची. मागच्या बाजूचं दार मागच्या बोळात उघडतं. कागद, खळ आणि जुन्या कातड्याचा वास भिंतीत इतका मुरलेला की प्लायवूडला त्याची वाटणी करता आली नव्हती.

वाटणी न झालेली आणखी एक वस्तू होती. बापाच्या वेळचं सागवानी टेबल. दोघांनाही ते हवं होतं, दोघेही हटेनात, म्हणून सुताराने टेबलावरूनच भिंत उभी केली. अर्धं टेबल इकडे, अर्धं तिकडे. त्याचे ड्रॉवर आरपार. इकडून ओढा, तिकडून ओढा.

“मोरचुदाची पुडी तिकडच्या टोकाला सापडली,” भाचा म्हणाला. “धाकट्याच्या छापील बिलात बांधलेली. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली लेकीच्या जुडग्यात.”

मी इकडून ड्रॉवर ओढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटं थेट पलीकडच्या टोकाला लागली.

“कुलपाचं कौतुक नको सांगूस. ही पुडी इकडूनही ठेवता येते. बिल तर काय, रद्दीत शेकड्यांनी असतील.”

“येते. पण इकडेही तीच काम करते.”

हे खरं होतं. माझी पहिलीच हुशारी अशी वाया गेली.

खिडकीपाशी खळीचं पातेलं होतं. खळीला वाळवी आणि झुरळं लागू नयेत म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. निळे खडे बरणीत उघड्यावर होते. मी बरणी उघडून नुसती नाकाशी नेली, तर भाचा ओरडला.

“मावशी!”

“खात नाहीये रे. मला सांग, मोरचूद जिभेला लागलं तर काय होतं?”

“डॉक्टर म्हणाले, तोंड वाकडं होतं. धातूसारखी चव, घशात आग, लगेच ओकारी.”

“आणि हा ग्लासभर प्यायला? चाळीस वर्षं ज्याची बोटं याच खळीत होती, त्याला पहिल्या घोटाला कळलं नाही?”

“खोकला होता, सर्दी होती. चव गेली असेल.”

“असेल,” मी म्हटलं. “आणि ज्यानं काल धमकीची चिठ्ठी टाकली, त्याच्याच हातचं औषध आज घटाघट प्यायला. एवढा भोळा दाभण मी तरी पाहिला नव्हता.”

भाचा वहीची पानं चाळायला लागला. तो पानं चाळायला लागला म्हणजे त्याला पटलंय पण वरच्या साहेबाला काय सांगायचं ते सुचत नाही, असा अर्थ असतो.

समोरच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण केव्हाची दारात घुटमळत होती. मी तिला हाक मारायचा अवकाश.

“अहो, काय सांगू बाई! शिडीवरून पडला धाकटा, तेव्हा आम्हीच सगळ्यांनी उचलून रिक्षात घातला आणि पोरगी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. बोळात ही गर्दी! पानवाला, इस्त्रीवाला, पोस्टमन, सगळे होते.”

“आणि दाभण?”

“तो कचेरीत रजिस्टरं पोचवायला गेलेला. आला तेव्हा सगळं शांत. आणि सांगणार कोण हो त्याला? त्याच्यासमोर धाकट्याचं नाव काढायची सोय नव्हती. मागे पोस्टमननं चुकून विचारलं, ‘तुमचे भाऊ आहेत का,’ तर हातोडी फेकून मारली. तेव्हापासून सगळ्या गल्लीनं तोंडाला कुलूप लावलं.”

“लेकीचं आणि बापाचं कसं होतं?”

तिने पदराने चष्मा पुसला. तो आधीच लख्ख होता.

“मला कुणाचं वाईट बोलायचं नाही. पण गेल्या आठवड्यात पोरगी ओरडली, ती मी या कानांनी ऐकली. ‘तुम्ही आहात तोवर माझं काही व्हायचं नाही,’ म्हणाली.”

३

लेक चोवीस वर्षांची, बापासारखीच सडसडीत. कोठडीत ताठ बसून होती. नखांत वाळलेली खळ होती. रडली नव्हती, आणि ते मला बरं वाटलं नाही.

मी तिच्याशेजारी बाकावर टेकले. “गुडघे दुखतात माझे, म्हणून लवकर खरं सांग. काल तू पोलिसांना आधी म्हणालीस, पुस्तकं पोचवायला गेले होते. शाळेत चौकशी केली, कुणी आलं नव्हतं.”

“खोटं बोलले. सवय लागलीय.”

“कसली सवय?”

“बाबांना पुस्तकं पोचवायला जाते म्हणून सांगायचं, आणि बोळातून वळसा घालून काकांकडे जायचं. दहा वर्षं जातेय. काका मला बारीक काम शिकवायचे. जुनी पानं दुरुस्त करणं, सोनेरी अक्षरं उठवणं. बाबांना ते काम नट्टापट्टा वाटायचं.” ती थांबली. “काका पडल्यापासून त्यांच्या ऑर्डरी मीच पुऱ्या करत होते. नाहीतर गिऱ्हाईक तुटलं असतं.”

“भांडण कशावरून झालं?”

“संग्रहालयात जुने कागद सांभाळायची नोकरी मिळत होती मला. दुसऱ्या शहरात. बाबा नाही म्हणाले. मी ओरडले. पण म्हणून कुणी बापाला विष घालतं का हो?”

“काही जण घालतात. तू घातलंस?”

“नाही.”

तिने सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. खोटं बोलणारेही सरळ बघतात, पण ते लगेच पुढे काहीतरी बोलतात. ती काही बोलली नाही.

मी पाकिटातली चिठ्ठी तिला दाखवली. “हे अक्षर कुणाचं?”

“काकांचं. पण असं ते कधी लिहिणार नाहीत.” मग तिने कागद उजेडाकडे धरला, आणि धंद्यातलं माणूस धंद्यातली गोष्ट बघतं तशी तिची मान वाकडी झाली. “हा आमच्या मशीनवर कापलाय. बघा, वरच्या कडेला आणि खालच्या कडेला एकाच अंतरावर बारीक ओरखडा आहे. मागच्या आठवड्यात सोमवारी बाबांनी पिन न काढता फाइल कापायला घेतली, पात्याला खाच पडली. तेव्हापासून प्रत्येक कागदाला ही खूण येतेय. मी बोलले त्यांना त्यावरून.”

भाच्याने माझ्याकडे बघितलं. पोरीने स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्याभोवती आणखी एक वेढा दिला होता. त्या मशीनवर काम करणारे दोघेच, आणि त्यातला एक मेलेला.

“आणखी एक,” मी उठता उठता विचारलं. “तुझे बाबा काय वाचायचे?”

“एकच पुस्तक. नावाड्याची कादंबरी. दर वर्षी एकदा. आम्हाला शाळेत होती ती. शेवट वाचून मी इतकी रडले की जेवले नाही. बाबा म्हणाले, ‘रडतेस काय? न्याय झाला.’ त्यांना तो शेवट फार आवडायचा.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. तो शेवट कुणाला आवडेल, असं मला या जन्मात वाटलं नव्हतं.

४

धाकटा नावाचाच धाकटा होता, केस सगळे पांढरे. पाय वर टांगलेला, डोळे सुजलेले. दादा गेल्याचं त्याला सकाळी परिचारिकेने सांगितलं होतं. पुतणी कोठडीत आहे हे मी सांगितलं, आणि तो खाटेवरून उठायलाच निघाला. लोखंडी चौकट खडखडली. भाच्याने त्याला खांद्याला धरून आडवा केला.

“ती मुंगी मारणार नाही हो! मला न्या, मी कबूल करतो काय हवं ते!”

“नको ते कबूल करू नका, नसता घोळ होईल,” मी म्हटलं. “ही चिठ्ठी वाचा.”

चिठ्ठीत चारच ओळी होत्या. “उद्यापर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही, तर मला जे करायचं ते करून मी मोकळा होणार. मग मला दोष देऊ नकोस. एक जीव गेलाच आहे. आता दुसराही जाईल.”

त्याने ती वाचली आणि उलटून मागची बाजू पाहिली.

“कुठं मिळाली ही?”

“तुमच्या दादांनी दिली. परवा तुम्ही ड्रॉवरमधून टाकली म्हणाले.”

“परवा? अहो, एकोणीस वर्षं झाली याला! वहिनी गेली त्याच्या तेराव्या दिवशी लिहिलेली. पण ही पुरी नाही. वरचं कुठंय? खालचं कुठंय?”

“काय होतं वर आणि खाली?”

त्याने डोळे मिटले आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणायला लागला. “वर होतं, ‘दादा, मी वहिनीचा गुन्हेगार आहे. तू म्हणाला होतास टेंपो हलवू नकोस, तिला कधीही दवाखान्यात न्यावं लागेल. मी शाळेची पुस्तकं पोचवून येतो म्हणून गेलो आणि दोन तास लावले. तू मला मार, पण माझ्याशी बोल.’ मग या ओळी. आणि खाली, ‘माझ्या जिवाची किंमत तेवढीच आहे. तू नुसतं दार उघड, मी बाहेरच बसलोय.’”

“जीव देणार होता तुम्ही. स्वतःचा.”

“दार उघडलं नाही त्यानं. माझ्यात मरायचंही धैर्य नव्हतं. मग सुतार आला आणि भिंत झाली.” त्याने तोंड फिरवलं. “पोरीला यातलं काही माहीत नाही. आई तापानं गेली, एवढंच तिला सांगितलंय. मीही कधी बोललो नाही. तेवढी एकच माझ्याशी बोलणारी होती.”

मी खिशातलं भिंग काढून कागद पुन्हा पाहिला. डावी-उजवी कड पिवळी पडलेली, चहात बुडवल्यासारखी. वरची आणि खालची पांढरीशुभ्र. शाई तपकिरी पडलेली. एका कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीची दोन भोकं. पोरं शाळेत जाऊन शिकून कामाला लागतील एवढ्या वर्षांचा कागद, पण कापलेला आठ दिवसांच्या आत.

आम्ही जिना उतरत होतो. भाचा म्हणाला, “मावशी, याचा अर्थ चिठ्ठी पोरीनं बापाच्या पेटीतून चोरली, कापली आणि—”

“गप,” मी म्हटलं. “मला ती कादंबरी बघायची आहे.”

५

त्या कादंबरीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. एका नावाड्याची नाव मुकादम बुडवतो, नावेत नावाड्याची बायको असते. नावाडी पंधरा वर्षं वाट बघतो. शेवटी मुकादम फासावर जावा म्हणून तो स्वतःच विष घेतो, आणि मरताना मुकादमाचं नाव घेतो.

दाभणची प्रत खिळ्यावर टांगलेल्या पिशवीत मिळाली. जाड कापडी बांधणी, थोडी वाकडी. पहिल्या पानावर कोवळ्या अक्षरात लिहिलेलं, “माझं पहिलं पुस्तक. रद्दी फर्म्यांतून शिवलं.”

छापखान्यात एकेका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि तो घडी घालतात. तोच फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाला त्याचा क्रमांक असतो. उमेदवारी करणारी पोरं शाई फासलेले, वाकडे छापलेले वाया गेलेले फर्मे जमवतात आणि त्यांवर शिवणकाम शिकतात. चौथीत शाळा सोडलेल्या दाभणने आपलं पहिलं पुस्तक असंच जमवलं होतं, आणि दुसरं कुठलं कधी वाचलं नव्हतं.

मी मागून उघडलं. पान तीनशे वीस. मुकादमाच्या घराकडे शिपाई चढून जातात, नावाडी खिडकीतून ते बघतो, हसतो आणि डोळे मिटतो. पूर्णविराम. प्रकरण संपलं. खाली अर्धं पान कोरं.

“सुंदर,” भाचा म्हणाला. “पुस्तक संपलं. मग?”

“तू शाळेत काय करत होतास रे? हे पुस्तक संपत नाही इथं.”

चष्मेवालीने आपल्या मुलाची शाळेतली प्रत आणून दिली. मी दोन्ही प्रती सागवानी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दाभणच्या प्रतीत फर्मे वीस. शाळेच्या प्रतीत एकवीस.

त्या एकविसाव्या फर्म्यात, त्या सोळा पानांत काय आहे, ते ज्याने वाचलंय तो विसरत नाही. शिपाई मुकादमाच्या घरात शिरतात तेव्हा मुकादम परगावी असतो. घरात सापडतो नावाड्याचा मुलगा. बापाला चोरून तो तिथे कामाला जात असतो. बापाने पेरलेला प्रत्येक पुरावा त्याच्यावर येतो, आणि फास त्याच्या गळ्यात पडतो.

भाच्याने ती सोळा पानं उभ्याउभ्याच वाचली. वाचून झाल्यावर त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

“म्हणजे मावशी, त्याला हे...”

“त्याला हे माहीतच नव्हतं. जन्मभर तो वीस फर्म्यांचं पुस्तक वाचत राहिला.”

६

“आता नीट ऐक,” मी म्हटलं, “आणि मधेमधे साहेबाचं नाव काढू नकोस. दाभणने सांगितलं, चिठ्ठी काल आली. ती चिठ्ठी त्यालाच लिहिलेली होती, एकोणीस वर्षांपूर्वी. कुणीही ती कुठूनही टाकली असती, तरी तो बघताक्षणी ओळखणार. हो की नाही?”

“हो.”

“तरी तो म्हणाला, कालची आहे. म्हणजे मरणाऱ्या माणसानं तुझ्यासमोर खोटं सांगितलं. हे एक खोटं असेल, तर ग्लासाचं खरं कशावरून? मोरचूद चुकून ग्लासभर पोटात जात नाही. ते जाणूनबुजून, दात आवळून प्यावं लागतं. त्याच्यात तेवढा दम होता.”

“पोरीनंच हे सगळं रचलं असेल तर? आळ काकावर यावा म्हणून?”

“काकावर?” मी त्याच्याकडे बघितलं. “अरे बाबा, काकाला दवाखान्यात कोणी नेलं? त्याच्या ऑर्डरी कोण पुऱ्या करत होतं? ज्याला माहीत आहे की धाकट्याचा पाय टांगलेला आहे, तो त्याच्यावर कशाला आळ घेईल? चष्मेवालीला माहीत होतं. पोस्टमनला, पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला माहीत होतं. या गल्लीत एकाच माणसाला माहीत नव्हतं. ज्याच्यासमोर धाकट्याचं नाव काढायची बंदी होती, त्याला.”

भाच्याने वही मिटली. मग एकदम म्हणाला, “पण अकरा दिवस पलीकडे सामसूम असणार. त्याला संशय आला नाही?”

हा प्रश्न तो विचारेल, या भीतीने मी मघापासून थांबले होते.

“सामसूम नव्हती,” मी म्हटलं. “पुस्तकाची पाठ ठोकून गोल करतात ना, तो हातोडीचा आवाज रोज दुपारी पलीकडून यायचा. लेक पुस्तकं पोचवायला गेली की पाच मिनिटांत आवाज सुरू. त्याला वाटायचं, भाऊ कामाला बसला. कालही त्यानं आवाजाची वाट बघितली असणार. धाकटा तिथं आहे याची खात्री झाल्याशिवाय तो ग्लास तोंडाला लावणार नव्हता.”

आम्ही दोघंही त्या प्लायवूडच्या भिंतीकडे बघत उभे राहिलो. मला त्या मेलेल्या माणसाचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. पोटच्या पोरीच्या हातोडीचा आवाज ऐकत तो विष प्यायला होता, आणि मनात म्हणत होता, आता सापडलास.

७

वरच्या साहेबाला पटायला संध्याकाळ झाली. त्याने धाकट्याची जबानी घेतली, कागदाच्या कडा भिंगातून तीनदा पाहिल्या, आणि मग मोठेपणाने म्हणाला की त्याला पहिल्यापासून शंका होतीच. साहेब लोकांना पहिल्यापासून शंका असतेच.

पोरीला मी स्वतः सांगायला गेले. एवढं तरी माझ्या वयाचं काम होतं.

सगळं सांगितलं. पुडी, ग्लास, चिठ्ठी, फर्मे. ती ऐकत होती. वीस फर्म्यांचं ऐकून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“म्हणून न्याय झाला म्हणाले,” ती हळूच म्हणाली. “मी मुलासाठी रडत होते. त्यांच्या पुस्तकात तो मुलगा शेवटापर्यंत घरीच होता.”

मग तिने विचारलं, “मी पलीकडे ठोकत होते. ते ऐकत होते?”

खोटं बोलायला मला एक क्षण मिळाला होता. तीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडलं, पण वेळेला स्वतःला एक साधं खोटं सुचलं नाही.

“हो,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. “एवढं कशासाठी पण? काकांनी केलं काय होतं त्यांचं?”

आता इथे मला थांबता आलं असतं. अजूनही कधी भाजी निवडताना हात थांबतो आणि वाटतं, तिथे थांबायला हवं होतं. पण तिला बापाचं असलं मरण समजावून सांगायचं, तर कारण सांगितल्यावाचून कसं सांगणार? कारण नसेल, तर तिचा बाप नुसता वेडा ठरत होता. मी टेंपोचं सांगितलं. शाळेच्या पुस्तकांचं सांगितलं. दोन तासांचं सांगितलं.

“आई तापानं गेली,” ती म्हणाली.

“नाही, बाळा.”

“दहा वर्षं मी त्यांच्याकडे जातेय. शेजारी बसून जेवलेय.” तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. “दहा वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

“तू जायची थांबशील, अशी भीती वाटली त्याला. पोरी, तो एकोणीस वर्षं रोज मरतोय. चूक त्याची होती, घात नव्हता. तुझ्या बापाला हा फरक कळला असता, तर आज तो जिवंत असता. तुला तरी कळू दे.”

ती उठली, कपडे झटकले. खळीची खपली जमिनीवर पडली. “तुमचे उपकार झाले, मावशी,” म्हणाली. बाकी काही नाही.

बाहेर अंगणात धाकटा होता. डॉक्टरांशी भांडून, पाय प्लास्टरमध्ये बांधून घेऊन, चष्मेवालीला आणि इस्त्रीवाल्याला सोबत घेऊन चाकाच्या खुर्चीवर आला होता. पोरगी पायऱ्या उतरताना दिसली तसं त्याचं तोंड उजळलं. त्याने दोन्ही हात पुढे केले.

ती त्याच्यासमोर आली. क्षणभर थांबली. तिने त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि खुर्चीला वळसा घालून फाटकाकडे चालायला लागली.

त्याने तिला लहानपणच्या नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली, मोठ्याने.

“ऐकलं नसेल तिनं,” भाचा माझ्याशेजारी पुटपुटला. “रस्त्यावर किती आवाज आहे.”

“हो, नसेल ऐकलं,” मी म्हटलं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि दुसऱ्या हाकेला तिचा पाय थबकलेला मी पाहिला होता.